प्रतिकाराचं प्रात्यक्षिक

एखादी गोष्ट ज्याला माहीत आहे त्याला ती शिकवता येते, हा समाजात पसरलेला एक जुना गैरसमज आहे. शिकवायला प्रमाणपत्र लागतं. आमच्या ब्राझीलमध्ये आफ्रिकेचा, आणि तिथून धरून आणलेल्या माणसांचा इतिहास प्रत्येक शाळेत शिकवलाच पाहिजे, असा कायदा होऊन वीस वर्षं उलटली. तो शिकवायचा कसा, याचं प्रशिक्षण पेद्रा मांसा गावाच्या शिक्षण खात्यानं परवाच्या ऑगस्टमध्ये घेतलं. कोणी याला दिरंगाई म्हणेल. खातं याला पूर्वतयारी म्हणतं.

आमच्या शाळेतून तिघांची निवड झाली. दोना जुरेमा, म्हणजे आपल्या जुरेमाबाई, इतिहास शिकवतात आणि हा विषय कायद्याच्याही आधीपासून शिकवत आल्या आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं थोड्या घाईच्याच. देउसदेते कवायत घेतो. मी रसायनशास्त्र. (खात्यानं 'संबंधित विषयांचे शिक्षक' मागवले होते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मते रसायनाशी सगळंच संबंधित असतं.) आम्ही तिघंही काळे. आमच्या बाहिया प्रांतात यात सांगण्यासारखं काही नाही, पण साओ पावलोहून आलेल्या प्रशिक्षक डॉक्टर लुडमिलांना त्याचा फार आनंद झाला.

जागा विचारपूर्वक निवडलेली होती. गावाबाहेरचा जुना उसाचा मळा, जिथे आता हॉटेल आहे. मालक सेउ ओतावियो, म्हणजे ओतावियोशेठ. त्यांचे पणजोबाही मालकच होते. फक्त त्या काळी मालकीत माणसंही धरत. "आमचं घराणं दोनशे वर्षं इथे माणसांची सोय बघतंय," सेउ ओतावियो स्वागताच्या भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या.

सोय अशी होती : प्रशिक्षक आणि खात्याचे अधिकारी मोठ्या घरात, वरच्या मजल्यावर, वाऱ्याला. शिक्षक मागच्या 'निवांत विभागा'त. निवांत विभाग म्हणजे दगडी खोल्यांची लांब रांग, खिडकी हात पोचणार नाही इतक्या उंचीवर. पूर्वी इथे गुलाम कोंडत. हॉटेलनं मूळ बांधकामाला धक्का लावलेला नाही. भिंतीतली लोखंडी कडीसुद्धा जागच्या जागी आहे. तिच्यात टॉवेल अडकवलेला असतो. (टॉवेल स्वच्छ होता, हे सांगणं न्यायाचं होईल.) याला अनुभवातून शिक्षण म्हणतात. अधिकारी अनुभवी असल्यामुळे त्यांना त्याची गरज नव्हती.

दोना जुरेमांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"हे काढ रे," त्या देउसदेतेला म्हणाल्या.

"टॉवेल की कडी?"

"आधी टॉवेल."

दुपारच्या सत्रात आम्हाला चटयांवर अंगाला अंग लावून झोपवलं, दिवे मालवले आणि ढोल वाजवला. "आता तुम्ही गुलामांच्या जहाजाच्या तळाशी आहात," डॉक्टर लुडमिला म्हणाल्या. देउसदेते घोरू लागला. "बघा, किती खोल उतरलेत!" त्या कुजबुजल्या. मग कॉफी आणि मक्याचा केक.

कॉफी पिताना दोना जुरेमांनी विचारलं, "बाई, मुलांना सांगायचं काय? या मळ्यातल्या लोकांनी बंड केलं होतं. ते कुठल्या सत्रात येतं?"

"माहिती नंतर, दोना जुरेमा. आधी भावना मोकळ्या करू."

"भावना मोकळ्याच आहेत हो. गुडघे तेवढे धरलेत. तिथल्या खाटा जमिनीला टेकल्यात. मला वर एखादी खोली द्या."

प्रश्न धोरणाचा असल्यामुळे सेउ ओतावियोंना बोलावण्यात आलं.

"वरच्या खोल्या पाहुण्यांसाठी असतात," ते नम्रपणे म्हणाले.

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही शिक्षक!"

"माझी खापरपणजी इथे जन्मली, सेउ ओतावियो. त्या मागच्याच रांगेत."

सेउ ओतावियोंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तुम्ही तर घरच्याच! घरच्या माणसाला कसली आलीय वरची खोली?"

दोना जुरेमांनी पिशवी उचलली आणि एकेक पायरी करत त्या मोठ्या घराचा जिना चढल्या. वरच्या सगळ्या खोल्यांना कुलपं होती. एक तेवढी उघडी होती, ती बघायला ठेवलेली : मूळ मालकाचा शिसवी पलंग, भोवती लाल दोरी, वर पाटी, 'हात लावू नये'. त्यांनी हात लावला नाही. दोरी ओलांडली आणि सरळ आडव्या झाल्या.

"दोना जुरेमा, उतरा!" सेउ ओतावियो दारातून ओरडले.

"हळू बोला. माणूस झोपलंय."

मग देउसदेते स्वतःची गादी डोक्यावर घेऊन वर आला. त्याच्यामागून दुसऱ्या शाळांच्या बाया उशा घेऊन आल्या. मीही आलो. बघता बघता दिवाणखाना, गॅलरी, जिना सगळा भरला. सेउ ओतावियो पोलिसांचा नंबर शोधू लागले. अधिकाऱ्यांना घाम फुटला. तेवढा वेळ मोठ्या घरात एक चमत्कारिक शांतता होती. कोणी कोणाला काही शिकवत नव्हतं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या विषयातलं काहीतरी कळतंय असं वाटत होतं.

प्रसंग डॉक्टर लुडमिलांनी निभावून नेला. त्यांनी टाळी वाजवली. "अप्रतिम! हेच ते! प्रतिकाराचं प्रात्यक्षिक!"

"हे कार्यक्रमात होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आता आहे. दहा गुण."

सेउ ओतावियोंनी फोन खिशात ठेवला आणि फोटोवाल्याला हाक मारली.

"हे प्रात्यक्षिक नाही," दोना जुरेमा पलंगावरून म्हणाल्या. "मला खोलीची किल्ली हवीय."

"बघा, बघा! भूमिकेतून अजून बाहेरच येत नाहीयेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ जेवण तयार असल्याचं सांगण्यात आलं. पाम तेलातलं माशांचं कालवण होतं, वास वरपर्यंत येत होता. गुण पदरात पडलेले असल्यामुळे थांबण्याचं शैक्षणिक कारण उरलं नव्हतं. लोक गाद्या गुंडाळू लागले.

देउसदेते दाराशी घुटमळला. "बाई, चला ना. कालवण गार होईल."

"तू जा."

"तुमच्यासाठी वाढून आणू?"

"किल्ली आण."

तो गेला. किल्ली मिळाली नाही. तो जेवला.

सकाळी दोना जुरेमा पहिल्या बसनं घरी गेल्या, त्यामुळे समारोपाच्या मनोगतांना त्या नव्हत्या, आणि मनोगताशिवाय प्रमाणपत्र नाही. शेकडा शंभर उपस्थितांनी समाधान व्यक्त केलं. (अनुपस्थितांचं समाधान मोजण्याची पद्धत नाही.) आता तो विषय मी शिकवतो. दोना जुरेमांकडे युरोपचा इतिहास दिलाय. त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

परवा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला विचारलं, "आज काय शिकवलंस?"

"प्रतिकार."

"जमला?"

"सगळ्यांना दहापैकी दहा."

"वा," त्या म्हणाल्या, आणि नेपोलियनचा नकाशा काखेत मारून वर्गावर गेल्या.

मी शिकवतो ते मन लावून. त्या दिवसाची हकीकत सांगतो आणि शेवटी विचारतो, "शेवटपर्यंत वर कोण थांबलं असतं?" सगळ्या वर्गाचे हात वर जातात. एकही मागे राहत नाही. आत्ता मनातल्या मनात तुमचाही गेला. खाली घ्या. आमचेही असेच गेले होते, समारोपाच्या दिवशी, पोटभर नाश्ता झाल्यावर.