मयतकाकांचा क्लोजअप

सकाळी साडेसात वाजता काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मरून बसले होते आणि काकू हातात घड्याळ धरून त्यांच्यासमोर उभ्या होत्या.

"एक्कावन्न... बावन्न... अहो, पोट हललं!"

"नाही हललं."

"आता तर तोंडही हललं. मेलेली माणसं उलट बोलत नाहीत."

"तू बोलायला लावलंस म्हणून बोललो!" काकांनी डोळे उघडले, भसाभसा श्वास घेतला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. "किती झाले?"

"बावन्न सेकंद. काल चोपन्न होते. तुमचं मरण दिवसेंदिवस बिघडत चाललंय हो."

हे ऐकून काकांना राग आला, आणि तो येणं साहजिक होतं. मरणं हा त्यांचा हातखंडा विषय होता. गाण्यांनी भरलेल्या एका विनोदी नाटकात ते गेली अकरा वर्षं प्रेताचं काम करत होते. नाटकातला म्हातारा घरमालक पडदा उघडण्याआधीच मरतो. तो मेल्याचं कळलं तर त्याचा पुतण्या घर पाडणार, म्हणून चार भाडेकरू त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवून, डोक्यावर टोपी आणि गुडघ्यांवर पांघरूण घालून तो जिवंत असल्याचा आव आणतात आणि त्याच्याभोवती नऊ गाणी म्हणतात. आठशे बारा प्रयोग झाले होते. मंडळीत काकांना सगळे मयतकाका म्हणत आणि काकांना त्याचा अभिमान होता. "मी मेल्याशिवाय पडदा वर जात नाही," असं ते पाहुण्यांना चहा देता देता सांगत.

एक शल्य मात्र होतं. टोपी आणि अंधूक खिडकी यांच्यामध्ये काकांचा चेहरा आजवर कुणालाच नीट दिसला नव्हता. काकूंची बहीण तीनदा नाटक बघून गेली होती आणि तिन्ही वेळा तिने विचारलं होतं, "भावोजी नेमके कुठल्या अंकात येतात गं?" आता त्या नाटकावर सिनेमा निघत होता. शेवटच्या गाण्यानंतर कॅमेरा हळूहळू पुढे जाणार होता आणि पूर्ण एक मिनिट चाळीस सेकंद काकांच्या चेहऱ्यावर थांबणार होता. काकूंनी ही बातमी इमारतीच्या चारही मजल्यांवर पोचवली होती. आयुष्यात एकदा तरी आपला चेहरा लोकांनी बघावा, एवढीच काकांची इच्छा होती, आणि तिच्या आड फक्त त्यांचं स्वतःचं पोट येत होतं.

"अठ्ठेचाळीस सेकंदांचा तर प्रश्न आहे," काका कोट चढवत म्हणाले. "ऐन वेळी जमतं मला."

हा कोट त्यांच्या लग्नातला होता. अकरा वर्षं काका त्याच कोटात मरत आले होते.

ऐन वेळी जमलं नाही. चाचणीच्या दिवशी दिग्दर्शिकेने काकांना खुर्चीत बसवलं, कॅमेरा त्यांच्या नाकाशी आणला आणि स्वतः पडद्यासमोर बसली. दिग्दर्शिका वयाने काकांच्या मुलीएवढी आणि आत्मविश्वासाने त्यांच्या आजोबांएवढी होती. एक्कावन्नाव्या सेकंदाला काकांच्या कोटाची बटणं एकेक करून वर आली आणि खाली गेली. मोठ्या पडद्यावर ते दृश्य भूकंपासारखं दिसलं.

"काका, थिएटरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुम्ही ठार मेलेले वाटता," ती हळुवारपणे म्हणाली. "पण माझा कॅमेरा पहिल्या रांगेच्याही पुढे बसलाय."

"पोट संगणकावर थांबवता येईल," कॅमेरामन म्हणाला.

"नाही. मी मुलाखतीत सांगून बसलेय. संगणकाची करामत नाही, गाणी सेटवरच गायची, तीही एका दमात, न थांबता. शब्द म्हणजे शब्द." तिने वहीत काकांच्या नावावर एक रेघ मारली. "रबराचा बाहुला मागवा. आणि काका, कोट तेवढा ठेवून जा. बाहुल्याला लागेल."

काका शर्टावर घरी आले. काकूंनी दार उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. चार मजल्यांना काय सांगायचं, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या नाटकातल्या चार नटांपैकी एकानेही ती मरेपर्यंत कुणाला सांगितली नसती. सातव्या प्रयोगाला मोठ्या बाई, म्हणजे विधवा भाडेकरणीचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटी, ऐन गाण्यात ओळ विसरल्या. त्या घाबरून प्रेताच्या गळ्यात पडल्या, आणि प्रेताने ओठ न हलवता त्यांना ओळ सांगितली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे प्रत्येक प्रयोगात बाई त्याच ठिकाणी काकांच्या गळ्यात पडू लागल्या. मग मास्तरांचं काम करणारा नट दुसऱ्या अंकात अडखळला, त्यालाही काकांनी तारलं. नवरा-बायकोचं काम करणाऱ्या दोघांना ताल कळत नसे, त्यांच्यासाठी काका पांघरुणाखालून खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरू लागले. अकरा वर्षं ते प्रेत अख्खं नाटक चालवत होतं. प्रत्येकाची समजूत अशी होती, की काका फक्त आपल्यालाच मदत करतात आणि बाकीच्यांना सगळं पाठ आहे. काका कुणाचं कुणाला सांगत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी रबराचा बाहुला काकांचा कोट घालून खुर्चीत बसला. तो श्वास घेत नव्हता, डोळे मिचकावत नव्हता, सगळं बेतशीर होतं. मोठ्या बाईंनी गाणं सुरू केलं, दुसऱ्या कडव्याला आल्या, बाहुल्याच्या गळ्यात पडल्या आणि तशाच पडून राहिल्या.

"कट! बाई, पुढची ओळ?"

"भावना दाटून आल्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळीही भावना तिथेच दाटल्या. मास्तरांनी शब्द बरोबर म्हटले, पण ते तिसऱ्या गाण्याचे होते आणि चालू होतं पाचवं. नवरा-बायको टाळ्या वाजवत नाचले. नवऱ्याची टाळी संपली की बायकोची सुरू होई. संध्याकाळपर्यंत सतरा वेळा चित्रीकरण झालं आणि एकही वेळ धड नव्हती.

मग एकेक जण गुपचूप दिग्दर्शिकेच्या खोलीत येऊ लागला.

"मला त्या बाहुल्याच्या रबराचा वास सहन होत नाही," बाई म्हणाल्या. "काकांना बोलवा."

"बाहुल्याचे डोळे माझ्याकडे रोखून बघतात," मास्तर म्हणाले. "काकांना बोलवा."

नवरा म्हणाला की बाहुला अपशकुनी आहे. बायको म्हणाली की नवऱ्याचं ऐकू नका, पण काकांना बोलवा.

"मला एक कळत नाही," दिग्दर्शिका कॅमेरामनला म्हणाली, "ज्या माणसाला एकही वाक्य नाही, त्याच्यावाचून या लोकांचं काय अडतंय?"

"प्रेम असेल," कॅमेरामन म्हणाला.

"प्रेमाने ताल चुकत नाही." असं म्हणून तिने आणखी चांगला बाहुला मागवला. त्याला खऱ्या केसांच्या भुवया होत्या. नवा बाहुला आला आणि मास्तर पहिलं गाणंही विसरले. सेट आणखी दोनच दिवस मिळणार होता. दिग्दर्शिका अजूनही ठामपणेच बोलत होती, पण आता बोलताना पेन्सिल चावत होती.

इकडे घरी काकूंचा धीर सुटला. "चेहरा नाही तर नाही," त्या म्हणाल्या, "पण कोट का सोडायचा? माझ्या बापाने शिवून दिलेला कोट रबराच्या मेल्याने घालायचा?"

"सिनेमा संपला की देतील ना."

"आज. मी येते बरोबर."

दोघं सेटवर पोचली तेव्हा दारावरचा लाल दिवा लागलेला होता आणि चित्रीकरण चालू होतं. आवाज करायची सोय नव्हती. काकू दारापाशी थांबल्या. काका कॅमेऱ्याच्या मागे एका लाकडी खोक्यावर टेकले. समोर बाई नव्या बाहुल्याच्या गळ्यात पडल्या आणि त्यांच्या भावना दाटून येऊ लागल्या. काकांना ते बघवेना. अकरा वर्षांची सवय ती. त्यांचे ओठ जागचे हलले नाहीत, पण ओळ निघाली.

बाईंनी झटकन मान वर केली आणि गाऊ लागल्या. काकांचं बोट खोक्यावर ठेका धरू लागलं. नवरा-बायकोची टाळी एकत्र पडली. मास्तर योग्य गाण्याचे योग्य शब्द म्हणू लागले. सगळं गाणं एका दमात, लोण्यातून सुरी जावी तसं पार पडलं. एकच गडबड झाली. चौघंही खुर्चीतल्या मालकाकडे पाठ करून, कॅमेऱ्याच्या मागे ठेवलेल्या खोक्याकडे डोळे लावून गात होते.

"कट!" दिग्दर्शिका उठली. "उत्तम! पण तुम्ही बघताय कुणाकडे?"

आवाज टिपणाऱ्याने कानावरचे हेडफोन काढले. "मॅडम, मला एक पाचवा आवाज ऐकू येतोय. सगळ्यांच्या आधी अर्धा सेकंद."

सगळ्यांच्या माना खोक्याकडे वळल्या. काका उठून उभे राहिले. "मी कोट न्यायला आलोय," ते म्हणाले.

मग मुठी उघडल्या. "एकच ओळ हो, तीसुद्धा फक्त मलाच," बाई पुटपुटल्या. "तुम्हालाच? मग मला दुसऱ्या अंकात कोण सांगतं?" मास्तर म्हणाले. "आणि आमचा ठेका?" नवरा-बायको एका सुरात म्हणाली. चौघंही एकमेकांकडे बघत राहिली आणि मग चौघंही काकांवर उखडली, कारण अकरा वर्षांची इतकी मोठी लाज वाटून घ्यायची असेल तर तिसऱ्यावर चिडणं सगळ्यात सोपं पडतं.

दिग्दर्शिका हसली नाही. ती पडद्यासमोर बसून मघाचं गाणं पुन्हा बघत होती. "यांचे डोळे बघा," ती कॅमेरामनला म्हणाली. "जीव त्या माणसात अडकल्यासारखे बघतायत. म्हणून ते नाटक चाललं. म्हाताऱ्यावर यांचा खरोखरच जीव आहे असं वाटतं." तिने वही उघडली आणि रेघ खोडली. "काका, बसा खुर्चीत."

"पण मॅडम, पोट..." काका ओशाळले. "बावन्न-चोपन्नच्या पुढे जात नाही. मी खोटं कशाला सांगू?"

पुन्हा सगळं तिथेच येऊन अडलं. गाण्यांना काका हवे आणि शेवटच्या एक मिनिट चाळीस सेकंदांना बाहुला. म्हणजे शेवटचा चेहरा बाहुल्याचाच. काका मान खाली घालून म्हणाले, "चालेल. गाण्यांपुरता बसतो मी." त्यांच्या आवाजात इतकं काही दाटून आलं होतं, की या वेळी ते खरंच होतं.

"काय चालेल?" दारातून काकू पुढे आल्या. घरून येताना त्यांनी काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, म्हणूनच ते इतकं नेमकं निघालं. "अकरा वर्षं मारलंत माझ्या नवऱ्याला! आठशे बारा वेळा! आता श्वास घेतोय तर एकदा जिवंत ठेवा की!"

दिग्दर्शिकेच्या तोंडातून पेन्सिल पडली.

"जिवंत," ती म्हणाली. "म्हातारा मेलेलाच नव्हता. तो सगळं ऐकत बसलाय. आपल्या मरणाने कुणाचं काय अडतं, ते बघत बसलाय. आणि शेवटी कॅमेरा जवळ जातो..."

"आणि पोट हलतं," कॅमेरामन म्हणाला.

नाटककाराला फोन लावला. काकूंचं वाक्य आणि नवा शेवट त्याला ऐकवला. मग त्याने विचारलं, "या बाई कोण?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊही गाणी झाली. उरला शेवटचा शॉट. काका आपल्या कोटात, टोपी मागे सारून, चेहऱ्यावर पूर्ण उजेड घेऊन बसले. चौघं भाडेकरू खुर्चीभोवती उभे राहिले. काकांना करायचं एकच होतं. शेवटी श्वास घ्यायचा.

कॅमेरा पुढे सरकला. साठ सेकंद झाले. ऐंशी झाले. शंभर झाले. काका ठार मेलेले.

"एक मिनिट चाळीस!" काकू घड्याळ नाचवत ओरडल्या. "अहो, जमलं!"

"कट! काका, श्वास घ्यायचाय!"

"घेतला की मॅडम."

"कुठे? तुम्ही तर निळे पडलाय!"

महिनाभर ज्या पोटाने दगा दिला होता, ते आता हलायला तयार नव्हतं. मनातली भीती गेली आणि अकरा वर्षांचा सराव तेवढा उरला. दुसऱ्या वेळी काका एक मिनिट पन्नास सेकंद मेले. तिसऱ्या वेळी दोन मिनिटं. चौथ्या वेळी बाहुल्याला सांभाळणारा माणूसही कौतुकाने मान हलवू लागला. पाच वाजता सेट रिकामा करायचा होता आणि पाचला चार मिनिटं कमी होती.

"शेवटचं," दिग्दर्शिका म्हणाली. "ॲक्शन."

कॅमेरा काकांच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबला. ऐंशी सेकंद. नव्वद. मोठ्या बाई म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांचे ओठ जागचे हलले नाहीत.

"काका, श्वास."

"श्वास घ्या," मास्तर ओठ मिटून म्हणाले. नवरा-बायकोने खुर्चीच्या हातावर एकेक बोट टेकवून ठेका धरला, आणि तो बरोबर निघाला. आवाज टिपणाऱ्याने चमकून वर बघितलं. दिग्दर्शिकेने त्याला गप्प राहायची खूण केली.

मोठ्या पडद्यावर कोटाचं वरचं बटण हळूच वर आलं.

"पोट हललं," काकू स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांनी घड्याळ बंद केलं.