छगनआप्पांची राखीव रजा

आमच्या कंपनीचे हिशेबनीस छगनआप्पा लग्नाच्या पंगतीतही ताळेबंद मांडतात. वरणभात म्हणजे खर्च, तो आधी. शेजारचा पाहुणा हक्कानं एक भजं उचलतो, तो कर. त्याला इलाज नाही. उरलेली जिलेबी रुमालात जाते. "उरनं ते आपलं, पन लगेच खावानं नही," असं वर ऐकवतात.

प्रकाशा गावाजवळच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली ही मिरचीची कंपनी. मी व्यवस्थापक, म्हणजे आप्पांचा साहेब, निदान कागदावर. गेल्या वार्षिक सभेत संचालक गुलाबभाई तणतणले, "दरसाल राखीव नफा लिखतस. तो पैसा शे कोठे?"

आप्पांनी अख्खी सभा मिरचीच्या शेडमध्ये नेली आणि छताकडे बोट केलं. "मजुरी गई, लाइटबिल गयं, कर भरा, तुमले वाटा दिधा. मंग जे उरनं ते साचत गयं, तेनाच हाऊ पत्रा. मोजी ल्या." मिरचीच्या खकाण्यानं सभा शिंकत पांगली. गुलाबभाईंचं समाधान झालं की नाही, देव जाणे.

अशा या माणसानं बारा वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. परवा त्यांनी अर्ज ठेवला: साचलेल्या रजेतून तीन महिने द्यावेत.

मी कपाळाला हात लावला. नफा पुढच्या वर्षात जातो. रजा मात्र आमच्या नियमानं मार्चअखेर बुडते. नियमांची फाइल आप्पांच्याच कपाटात, पण रजेचं पान त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. मी सांगितलं, तसा त्यांनी अर्ज पुन्हा माझ्यासमोर सरकवला.

"पोर सुरतथून बाळंतपनले येई ऱ्हायनी," ते म्हणाले. "तिले माय नही. माय गई तवयपाईन हाई रजा राखी ठेयेल व्हती."

अर्ज घेऊन मी तडक संचालकांकडे गेलो. गुलाबभाईंनी तो दोनदा वाचला. "पत्रा ऱ्हास आनि मानुसनी रजा बुडस, हाऊ कसा हिशेब?" म्हणाले आणि पहिली सही त्यांनीच केली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये डोकावलो, तर आप्पा हिशेबाची जाड वही हातांवर आडवी घेऊन उभे. मिरच्या निवडणाऱ्या सखूबाई त्यांना बाळ कसं धरायचं ते शिकवत होत्या.

"डोकं हातवर घ्या, आप्पा," त्या म्हणाल्या. "आनि बाळले धराना पयले हात धुई ल्या."