जीपगाडीच्या फुटक्या आसाची बखर

प्रभूचे स्मरण करोन, आणि ज्यांची नावे आता शिरुरात कोणी घेत नाही त्या थोरांस नमस्कार करोन, आम्ही पाहिली व ऐकिली तैसी हकीकत लिहितो.

शके अठराशे ब्याऐंशी, शार्वरी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, शिरूर मुक्कामी मिशनच्या दवाखान्याची जीपगाडी जायबंदी होऊन पडली. ते काळी रांजणगावास कारखान्याचे भोंगे नव्हते, शेरडे होती, आणि गावोगावचे रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या व मधोमध उभे दगड. त्या मुलखात अडलेल्या बाळंतिणीपर्यंत पोचणारे वाहन हे एकच. खासी गाडी पलटणीच्या लिलावातील, लढाई पाहिलेली, आणि तिचे सारे ओझे मागच्या आसावर, म्हणजे दोन चाकांमधल्या पोकळ लोखंडी नळीवर. केंदूरअलीकडच्या ओढ्यात आपटून ती नळी मधल्या दातेरी चाकांच्या गोळ्याशेजारी तडकली.

तेव्हा आस जोडण्याची मसलत पोपटराव मिस्त्री यांजकडे गेली. पोपटराव म्हणजे शिरूरचे वेल्डिंगसम्राट. ही पदवी कोणत्या दरबाराने दिली म्हणाल, तर दुकानाच्या फळीवर त्यांनी स्वहस्ते रंगविली होती. त्यांची युद्धनीती ऐसी की, तडीतले, म्हणजे चिरेतले, ग्रीस तैसेच ठेवावे आणि गंज तैसाच ठेवावा, आणि वरून वितळल्या लोखंडाची झाळ ओतावी, मग कानशीने घासून आरशासारखी करावी, मग काळा रंग द्यावा, मग झेंडूची माळ घालावी आणि मग नारळ फोडावा. नारळ फुटला की काम पुरे. कारण पूजा झालेल्या वस्तूस हत्यार लावू नये ऐसा रिवाज, आणि या रिवाजाआड पोपटरावांचे निम्मे कर्तृत्व सुखाने झोपले होते.

मिशनचे लोक नारळास हसत, परंतु त्यांचाही इतमाम कमी नव्हता. पाळकसाहेब बॉनेटावर हात ठेवून प्रार्थना करीत, आणि आमेन झाल्यावर खाली वाकून पाहणे हे मंडळीस अविश्वासाचे लक्षण वाटे. ऐसे दोन धर्मांचे चिलखत ल्यालेला आस पहिल्या खेपेस आठ दिवसांत फुटला आणि दुसऱ्या खेपेस पाच दिवसांत. तरी पेठेतील मुत्सद्दी दोष देत तो रस्त्यास, ओढ्यास, गाडीच्या विलायती जन्मास आणि ड्रायव्हर योहान यास. झाळेस मात्र कोणी नाही, कारण ती चकाकत होती.

मग शनिवारी पोपटरावांनी तिसरी झाळ घातली, ती अजगराएवढी जाड. माळ पडली, नारळ फुटला, प्रार्थना झाली, आणि पेठ वाहवा करू लागली. तों दवाखान्याच्या वडील नर्स दयाबाई तेथे आल्या. आम्ही तेव्हा त्यांच्या हाताखाली पट्ट्या धूत होतो, सबब त्यांचा चेहरा पाहूनच समजलो की आज कोणाची तरी धडगत नाही.

त्यांची निकड ऐसी. केंदुरास गेणबा यांची बायको अनसाबाई दिवस भरत आलेली. घराणे मेंढरे विकून नुकतेच शेतीस लागलेले. आधीची दोन मुले जन्मताच गेलेली, आणि तिसरे पोटात आडवे. दयाबाईंनी शब्द दिला होता की गुरुवारी गाडी आणते आणि तुला दवाखान्यात नेते. आस ओढ्यात मोडता तर अनसाबाई ओढ्यातच अडती, आणि दोन्ही जीव जाते. हे पेठेतल्या वाहवा करणारांस ठाऊक होते, परंतु त्यांपैकी कोणाचे पोट आडवे नव्हते.

पोपटराव म्हणाले, “बाई, ह्यो टाका हत्तीनं वढला तरी सुटायचा न्हाई.”

“हत्तीला केंदूरला जायचं न्हाई, मला जायचंय. रंग खरवडा.”

“पूजा झाल्याव हत्यार लावत्यात व्हय?”

“पूजा कुणाची झाली, लोखंडाची का रंगाची?”

पाळकसाहेबांनीही विनविले की प्रार्थना झाली आहे, आता श्रद्धा असावी. दयाबाई म्हणाल्या, “साहेब, मीसुद्धा आमेन म्हटलं होतं. दोनदा.” ऐसे म्हणताच पाळकसाहेबांस अंत्यविधीचे काही काम आठवले आणि ते मागे हटले.

मग दयाबाईंचे फर्मान सुटले की, रंग खरवडावा, शाळेतील खडू कुटून पाण्यात कालवून झाळेवर बाहेरून लेप द्यावा, आणि लेप सुकल्यावर नळीच्या आतून घासलेट ओतावे. झाळ धड असेल तर लेप पांढरा राहील. योहानने तैसे केले.  भाकरीचे पीठ मळून व्हावे इतका वेळ गेला, आणि पांढऱ्या लेपावर एक ओली काळी रेघ उमटली, मग तिला फाटे फुटले, आणि झाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जणू मुंग्यांची रांग लागली.

पोपटराव म्हणाले, “थंडीचं लोखंडाला घाम येतो, बाई.”

“लोखंडाला येतो, मग तुम्हांला कसा येईना?”

पेठ हसली. तीच पेठ, जी घटकेपूर्वी वाहवा करीत होती. पेठेचे हसणे आणि वाखाणणे एकाच किमतीचे.

दुसरा हुकूम ऐसा की, आस उतरवून दौंडास प्रभुदासमामांकडे न्यावा. सोमवारी योहानने आस एसटीच्या टपावर बांधिला. आपल्या झाळेची बेअब्रू परमुलखात होऊ नये म्हणून पोपटरावही संगे निघाले. प्रभुदासमामा म्हणजे रेल्वेच्या बॉयलरांवर तीस वर्षे झाळ घातलेले, एका डोळ्याने अधू, आणि उरलेल्या डोळ्याने फार पाहणारे. त्यांनी आसावर हातोडीची एक टिचकी मारिली व कान दिला.

“वरनं साय, आत पाणी. कुणाचं हे काम?”

“शिरुरातला कुणी मिस्त्री हाय,” पोपटराव म्हणाले.

योहान म्हणाला, “मामा, त्यो मिस्त्री लई लांब न्हाई.”

“मग त्यालाच छिन्नी द्या.”

वेल्डिंगसम्राटांनी छिन्नी धरली. दोन घाव घातले, आणि तिसऱ्यास ती अजगराएवढी झाळ सबंध उचकटून, जखमेवरची खपली पडावी तैसी पायाशी पडली. खाली तडीत ग्रीस ओलेच होते. तीन झाळा वरून गेल्या, तरी त्या ग्रीसाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मग मामांनी तड धुऊन, जाळून, खरवडून निर्मळ केली, आणि ती पुढे पळू नये म्हणून दोन्ही टोकांस बारीक भोके पाडिली, आणि छिन्नीने तिला तळापर्यंत चर काढिला. मग लोखंड तापवून थोडी इकडे, थोडी तिकडे ऐसी झाळ भरिली, आणि आस रात्रभर राखेत पुरून हळूहळू निवविला. मंगळवारी पोपटरावांचा हात सवयीने कानशीकडे गेला, तों मामा गरजले, “घासू नका! झाकायचं आसंल तरच घासायचं.” खडू व घासलेट झाले. दुपार झाली तरी लेप पांढराच.

बुधवारी आस गाडीस चढला, आणि गुरुवारी दयाबाईंचे तिसरे फर्मान निघाले की, पोपटरावांनी गाडीत मागे, बरोबर आसावर बसून केंदुरास चलावे. पोपटरावांनी पाठदुखी सांगितली, ती नामंजूर झाली.

केंदुराहून परतताना ओढा आला. दगड मागील खेपेचेच, आपल्या जागी बसलेले. अनसाबाईंनी दयाबाईंचा हात आवळला. “बाई, मोडायचं न्हाई न्हवं?”

“मला काय इचारतीस? मिस्त्रीला इचार, ते वरच बसल्यात.”

गाडीचे चाक दगडावर चढले, आणि धाडकन उतरले. पोपटराव हातभर उडून खाली आले, आणि आयुष्यातील पहिले खरे वचन बोलिले, “न्हाई मोडायचं, आक्का. ते म्या केलंच न्हाई.”

आस मोडला नाही. तेच सायंकाळी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी शस्त्र चालवून मूल काढिले. कन्या झाली, आणि ऐसी रडली की फाटकापाशी उभ्या गेणबांस ऐकू गेले. फत्ते जाहली.

शिरूरच्या पेठेने या फत्तेचे श्रेय तिसऱ्या नारळास दिले. दयाबाईंनी वाद घातला नाही. फक्त त्या आसास रंग लावण्याची मनाई केली, आणि ती उघडी खडबडीत झाळ गाडी भंगारात जाईतों तैसीच होती, ज्यास पाहणे त्याने वाकून पाहावे. पोपटरावांनी फळीवरील पदवी पुसली नाही, परंतु तिच्याखाली खडूची पेटी व घासलेटाची बाटली आली. नारळ पुढेही फुटत राहिला. मात्र आधी घासलेट आणि मग नारळ, ऐसा नवा रिवाज त्या गुरुवारपासून शिरुरात चालू झाला, तो येथे नोंदिला असे.