पावणेतीन पिरान्हा

पाण्यातल्या दुसऱ्या कोणत्याही जिवाने माणसाच्या काळजाचे इतके पाणी केलेले नाही, असे मत्स्यालयातल्या सातव्या टाकीवरची पाटी ठणकावून सांगते. पिरान्हा. लांबी एक मीटर. क्षणार्धात माणसाचा सांगाडा करतो. पाटीखालचे अकरा पिरान्हा त्या वेळी पाणवनस्पतीमागे दाटीवाटीने लपलेले असतात, कारण बाहेर कुणीतरी शिंकलेले असते.

एका निवृत्त मास्तरांनी तक्रार केली की, मासा जेमतेम वीतभर आहे. कार्यालयाने तक्रारीची गंभीर दखल घेतली. पाटी साहेबांच्या सहीने लागलेली, त्यामुळे ती चुकणे शक्य नव्हते. चुकले होते ते मासे. माशांची देखभाल करणाऱ्या काकांना नोटीस आली. प्रत्येक माशामागे कमी भरणारे शहात्तर सेंटिमीटर आठ दिवसांत हजर करा, नाहीतर घरी बसा. काकांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

काकांनी खरे ते लिहून दिले. हा मासा एवढाच असतो. स्वभावाने भित्रा. टोळी करतो ती हल्ल्यासाठी नव्हे, भीतीपोटी. मोठे मासे मध्ये सुरक्षित राहतात, नवखे कडेला. जागा अपुरी पडली, खायला कमी पडले, की एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात.

उलट टपाली उत्तर आले, "कार्यालयाच्या अंतर्गत कारभारावर टिप्पणी करण्याचा आपणांस अधिकार नाही."

मग पाहणी समिती आली. मध्ये साहेब, भोवती उपसाहेब, अगदी कडेला तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या कारकून बाई, हातात पट्टी घेऊन. टाकीत हात कोणी घालायचा यावर चर्चा सुरू झाली आणि घोळका असा काही मागे सरकला की बाई एकट्याच पुढे उरल्या. शेवटी काकांनीच बाही वर करून जाळीने एक मासा उचलला. चोवीस सेंटिमीटर. माशाने घशातल्या घशात निषेध नोंदवला.

साहेब विचारात पडले. "हा कळपात राहतो ना?"

"हो साहेब."

"मग एकेकटा मोजता कशाला? चार मिळून मोजा."

चार मिळून शहाण्णव भरले. उरलेले चार सेंटिमीटर साहेबांनी सांभाळून घेतले. चारांचा एक, या हिशेबाने टाकीत पावणेतीन मासे असल्याचे इतिवृत्तात नोंदले गेले, पाटीवरही चढले. काकांचा जीव भांड्यात पडला.

तो दुसऱ्या दिवशी बाहेर काढण्यात आला. मंजूर मासे पावणेतीन, प्रत्यक्षात अकरा. सव्वाआठ मासे विनापरवाना बाळगल्याबद्दल बडतर्फ का करू नये? पावणेतीनच मासे दिसल्याच्या पाचशे प्रेक्षकांच्या सह्या महिन्याभरात आणल्यास प्रकरण मिटवण्यात येईल.

काकू म्हणाल्या, "आता तरी खरं लिहायला जाऊ नका."

काकांनी टाकीशेजारी वही ठेवली. लोक आले. धिप्पाड मंडळी मध्ये, पोरेबाळे कडेला. पहिल्याने डोळे बारीक करून पाहिले आणि मागच्याला सांगितले, "तो पाऊण. पानाआडचा." मागच्याला तो लगेच दिसला. मास्तरही आले. चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. मागे रांग खोळंबली होती. सही करताना म्हणाले, "आता बरोबर आहेत."

आज मुदत संपते. सह्या चारशे नव्याण्णव झाल्यात. तुम्ही म्हणाल, आम्ही नाही बुवा असल्या खोट्यावर सही करणार. काका म्हणतात, रांगेत उभे राहण्यापूर्वी सगळे असेच म्हणत होते.

तेवढे येताना पेन आणा. इथले कुणीतरी दोरीसकट नेले आहे.