निमसे डॉक्टरांचा नेमका दिवस

आमच्या सासूबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, तेव्हा शेजारच्या डॉ. निमशांनी "दुखतंय का?" असं विचारलं नाही. ते म्हणाले, "रक्त द्याल का? आज नको हं, आज काही सापडायचं नाही!"

निमसे जनावरांचे डॉक्टर. शहरात, सावेडीत राहतात, पण जीव सगळा शेळ्यांच्या लशीत. लस टोचल्यावर रक्तातली प्रतिकारशक्ती कधी चढते, कधी उतरते, हे ते मोजतात. "लवकर रक्त काढलं तर पाहुणे अजून मांडवात यायचेत, उशिरा काढलं तर जेवून गेलेले. दिवस चुकला की संपलं!" हे त्यांनी दूधवाल्यालाही ऐकवलंय.

एका सकाळी त्यांनी माझं दार बडवलं. "स्कूटर काढा! सखूबाई निघाली!"

सखूबाई पाथर्डीकडची. डॉक्टरांनी लस टोचलेल्या तिच्या शेळ्यांचं तपासणीचं शेवटचं रक्त त्याच दिवशी घ्यायचं होतं आणि ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर एक दिवस आधीच आला होता. शेळ्यासुद्धा ट्रॉलीत चढल्या होत्या.

मी स्कूटर पिटाळली. मागे डॉक्टर बर्फाचा डबा पोटाशी धरून "हाणा, हाणा!" ओरडत होते. करंजी घाटात समोरून ट्रॅक्टर दिसला, तसे ते उडी मारून रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले.

"आवो डाक्टर, मरायचं हाय का?" सखूबाई ट्रॉलीतून किंचाळली.

"आधी रक्त, मग मरण!"

टोळीचा मुकादम तोंडाला येईल ते बोलत होता. डॉक्टर भांडी-गोधड्यांवरून चढून आत. मी माना धरल्या, त्यांनी नळ्या भरल्या. शेवटची नळी डब्यात गेली आणि त्यांनी चक्क मुकादमालाच मिठी मारली.

उतरताना त्यांना कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी शेळी दिसली. सखूबाईचा आवाज खाली आला. "ही तिकडं टिकायची न्हाई. पन ठिवू कुनाकडं?"

"माझ्याकडं."

परतताना स्कूटरवर आम्ही तिघं होतो.

पुढे तपासणी झाली. "चढलीय! सगळ्यांची चढलीय!" म्हणत त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मी विचारलं, "आता या म्हातारीचं रक्त कधी?"

ते ओशाळले. "हिचं कशाला? ही अभ्यासात नव्हतीच."

निमसेवहिनी गेल्यापासून संध्याकाळी त्यांच्या घरातून फक्त बातम्यांचा आवाज यायचा. आता कुंपणापलीकडून ऐकू येतं, "आज दोडका केलाय. मीठ जरा जास्त झालं. तू सालं खा."

मग सखूबाईचा फोन येतो. डॉक्टर तो शेळीच्या कानाला लावतात आणि तिकडचं बोलणं संपेपर्यंत तसेच वाकून उभे राहतात.