केशोरी ते फुलचूर, शंभर एमबी

वेग ही मोजायची गोष्ट आहे, वापरायची नव्हे. हे सत्य मोठ्या शहरांना अजून उमगलेले नाही. केशोरीला ते दोन वर्षांपूर्वीच उमगले, कारण तेव्हा संघदीपच्या ऑनलाइन सेवा केंद्रात इंटरनेटची भाड्याची खास लाइन आली. करारात लिहिले होते, वेग शंभर एमबीपर्यंत. (यातला 'पर्यंत' फार मनमिळाऊ शब्द आहे. शून्यापासून पुढे कोणाशीही त्याचे जमते.)

संघदीप सरळ माणूस. पहिल्याच महिन्यात एक सातबारा उघडेस्तोवर दोनदा चहा झाला, तेव्हा त्याने तक्रार केली. तक्रार ऑनलाइनच करायची होती, संथ वेगाचा फोटो जोडून. फोटो जाता जाईना. तिसऱ्या दिवशी गेला, आणि कंपनीने कळवले की ज्या अर्थी फोटो पोहोचला, त्या अर्थी लाइन उत्तम आहे.

तरीही कंपनी उदार. दर महिन्याच्या पाच तारखेला मोजणीसाठी गोंदियाहून इंजिनिअर इंद्रकुमार येऊ लागले. मोजणी हुकली तर लाइन बंद. नियम एकच, मोजताना लाइनवर कोणी काम करायचे नाही. मग चारही संगणक थांबतात, साक्षीला बसलेल्या गावच्या पंचांचे मोबाइल थैलीत जमा होतात, आणि ज्येष्ठ पंच मुन्नालाल धानाचा काटा बघावा तसे पडद्याकडे बघतात. आकडा हमखास शंभर भरतो. (एकदा एकशे दोन भरला. कंपनीने वरचे दोन परत मागितले नाहीत.) पंच कंपनीच्या समाधानपत्रावर सह्या करतात. कामे सुरू झाली की लाइन पुन्हा मान टाकते.

हा आकडा कुठून कुठवरचा, असे संघदीपने एकदा विचारले होते. इंद्रकुमारांनी काही लपवले नाही. "यहाँ से फुलचूर, हमारे ऑफिस तक. आगे का रास्ता सबका है, भैया." गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या पुढे जग सुरू होते, आणि जग करारात नव्हते.

या पाच तारखेला गावातल्या लीलाबाईंची मुलगी रंजिता तीन वाजताच येऊन बसली. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. जातीचा दाखला चढला, फोटो चढला. पाचाला दहा कमी असताना मार्कशीट चढत होती आणि इंद्रकुमार दारात उभे राहिले. त्यांचा अहवालही पाचच्या आतच जायला हवा होता. संघदीपने दहा मिनिटे मागितली. मुन्नालालांनी त्याला समजावले, की चोवीस महिन्यांत गावाचा आकडा कधी पडला नाही, आता एका पोरीपायी गावाची अब्रू घालवायची का? संघदीपला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने रंजितासमोरचा संगणक बंद केला.

आकडा शंभर भरला. समाधानपत्र पंचांच्या फोटोसह क्षणात पोहोचले. त्याला फुलचूरलाच जायचे होते. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा पाच वाजून दोन मिनिटे झाली होती आणि प्रवेश बंद झाला होता.

"दादा, शंभर भरले ना? तं माहा फॉर्म काऊन नाही गेला?" रंजिता म्हणाली.

मुन्नालालांनी समाधानपत्र उलटसुलट पाहिले; त्यात फॉर्मचा रकाना नव्हता.

केशोरीकरांना हसायला हरकत नाही. आपणही घरी नवी लाइन आली तेव्हा सगळ्यांना "जरा बंद करा रे" म्हणून आकडा मोजला असेल, आणि भरला म्हणून चारचौघांना दाखवलाही असेल. आतल्या खोलीत तेव्हा कोणाचा फॉर्म चालला होता, ते विचारले होते का?