टीव्हीसमोरचा नारळ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दामूदादा भोईर टीव्हीसमोर नारळ ठेवतात.

टीव्हीची पूजा वगैरे काही नाही. क्रिकेटला नाही, बातम्यांना नाही, देवादिकांच्या मालिकांनाही नाही. नवीन कौटुंबिक मालिका सुरू होणार असेल, तर फक्त तिच्या पहिल्या भागाला. त्या संध्याकाळी दादा पुन्हा एकदा आंघोळ करतात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात, कानात अत्तराचा फाया ठेवतात आणि शेंडीवाला नारळ टीव्हीच्या टेबलावर ठेवून सोफ्याच्या अगदी कडेला बसतात. पाठ टेकत नाहीत.

मी चिखलोलीत नवीन राहायला आलो तेव्हा हा प्रकार पाहिला आणि मला वाटलं, यांनी नवा टीव्ही घेतलाय. "पेढे कुठायत दादा?" असं मी विचारलंसुद्धा.

"पेढे कसले? शेठ, लोकांच्या घरी पैल्यांदा जायचा, तं रिकाम्या हातानं जातान का?"

"कुणाच्या घरी?"

"यांच्या," असं म्हणून दादांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. टीव्हीवर तेव्हा गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात चालू होती.

मला ते शेठ का म्हणतात, हेही सांगून टाकतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी शेठजींच्या दुकानात मी सोफे विकतो. शेठ ते, मी नोकर. दादांना हा फरक मान्य नाही. "दुकानान बसतोस ना? मंग शेठच."

दादा इथले मूळचे आगरी. आमची 'रॉयल मेडोज' नावाची इमारत जिथे उभी आहे, तिथे त्यांची भाताची खाचरं होती आणि कडेला कौलारू घर. आता ना खाचर, ना कौल. जमिनीच्या बदल्यात दोन्ही भावांना फ्लॅट मिळाले. दादा आणि त्यांच्या पत्नी हिराकाकू पहिल्या मजल्यावर, धाकटा जनू बायकोमुलांसह पाचव्यावर. आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एरवी दादा जिन्यानेच ये-जा करतात, पण हातात तांदळाची गोणी असली की लिफ्ट घ्यावी लागते. अशा वेळी आत जनू सापडला, तर दोघेही मान वर करून मजल्यांचे आकडे वाचत उभे राहतात. पहिला मजला यायला कितीसा वेळ लागतो? पण मी एकदा त्या लिफ्टमध्ये होतो आणि मला तो प्रवास बदलापूरपर्यंतचा वाटला.

भांडण कशावरून, हे मला कुणी धड सांगेना. वॉचमन म्हणे पार्किंगवरून. इस्त्रीवाला म्हणे बायकांवरून. सोसायटीचे सेक्रेटरी नुसतेच "जाने दो ना" म्हणायचे. मी विचारणं सोडून दिलं.

तर पहिला भाग. तो दादांच्या घरी बघायचा म्हणजे पाहुणे म्हणून जाण्याचे सगळे कायदे पाळावे लागतात. चपला बाहेर. मोबाइल खिशात. पडद्यावरचे आजोबा कुणालाही "या, बसा" म्हणाले, की दादा "बसलू, बसलू" म्हणून हात जोडतात. सगळ्यात मोठी पंचाईत चहाची. काकूंनी कप भरून आणले तरी दादा प्यायला देत नाहीत. "त्यांची सून चा घेऊन येऊ दे. पावन्यानं आदी कप उचलू नये." आता पहिल्या भागात कुठली ना कुठली सून ट्रे घेऊन येतेच, हे खरं. पण एकदा ती बिचारी ट्रे घेऊन निघाली आणि दारात कुणाला तरी बघून तिच्या हातून तो पडला. हळूहळू. तीन बाजूंनी. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

जाहिराती लागल्या की दादा उठून बाल्कनीत जातात. त्यांच्या मते त्या वेळात घरची मंडळी आत जेवायला बसलेली असतात आणि पाहुण्याने लोकांच्या ताटाकडे बघू नये. मी त्यांना एकदा समजावायला गेलो की दादा, जाहिराती म्हणजे वस्तू विकायला असतात. "मंग इकूंदे ना," दादा म्हणाले. "त्यांच्या जेवनाच्या टायमाला इकतान. तू नाय का दुपारला शेठ जेवाया गेल्यावं सोफे इकत?" घरी आल्यावर बराच वेळ मी विचार करत होतो की यात चूक नेमकी कुठे आहे.

आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे, दुसरा भाग बघायचा नाही. कधीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला टीव्ही बंद. नारळ फुटलेला असतो, काकूंनी वड्या थापलेल्या असतात आणि सगळ्या मजल्यांवर वाटी पोचलेली असते. सगळ्या म्हणजे पाचवा सोडून.

"बघा की पुढे काय होतं ते," मी म्हणायचो.

"काय हुनाराय? पैल्या दिवशी सगली एकत्र बसतान, हसतान, एका टेबलाव जेवतान. दुसऱ्या दिवसापासना किचकिच चालू. पावन्यानं किचकिचीच्या आदी उठावा."

मागच्या महिन्यात अशीच एक नवी मालिका आली. दादांनी मला आणि संगीताला, म्हणजे माझ्या बायकोला, खास बोलावलं. संगीताला बोलावण्याचं कारण असं, की पडद्यावर कोण कुणाचं कोण, हे तिला पटकन कळतं असा दादांचा समज आहे. तो समज तिचाही आहे.

सुरुवातच वास्तुशांतीने झाली. हे मोठं थोरलं घर, झेंडूची तोरणं, भटजी आणि भसाभस माणसं. दादा पुढे सरकून बसले.

"यो कोन? फेट्याचा?"

"मोठे काका असणार," संगीता म्हणाली.

"मंग ती हिरव्या शालूची?"

"त्यांची बायको. नाही, थांबा, बहीण. ती त्यांना दादा म्हणाली."

"सगलेच दादा म्हंतान त्याला. त्याची आय पन म्हनली."

"ती आई नाही, ती आत्या."

"मंग आय कंची?"

संगीताने चष्मेवाल्या बाईंकडे बोट दाखवलं. तेवढ्यात हिराकाकू शांतपणे म्हणाल्या, "ती तं मागच्या मालिकेन मेली व्हती."

मागच्या मालिकेचा पहिलाच भाग पाहिलेल्या काकूंना ती मेल्याचं कसं कळलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला, पण काकूंनी नजर चुकवली. म्हणजे दुपारी, दादा मारुतीच्या देवळात बसायला गेले की, इथे दुसरे आणि तिसरे भाग चालत होते तर!

"काकू, ती नटी आहे. नटी मरत नाही," संगीता म्हणाली.

"म्हंजे सासर बदललां," दादांनी निकाल दिला आणि पुढे गेले. "शेठ, यो सोफा तुज्या दुकानचा का?"

"असला सोफा आमच्या लिफ्टमध्ये मावणार नाही, दादा."

"यांच्या घरान जिना हाय. आनि एवढ्या मानसांना पानी कवा येतं?"

बारवी धरण आमच्यापासून फार लांब नाही, तरी पाण्याची वेळ हा आमच्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे. पण मालिकेत भरजरी साड्या नेसलेल्या बायका सकाळी सकाळी नुसत्या जिन्यावरून उतरत होत्या. एकीच्याही हातात बादली नव्हती. दादा अस्वस्थ झाले. "टाकी असंल मोठी," असं म्हणून त्यांनी स्वतःचंच समाधान करून घेतलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, ट्रे पडला नाही, आणि आम्ही सगळ्यांनी घाईघाईने कप उचलले.

जाहिराती लागल्या. दादा बाल्कनीत गेले. मी सहज म्हणालो, "वास्तुशांती बघून दादा खूश दिसतायत."

हिराकाकूंनी बाल्कनीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "खूश कसले? जनू वर राहायला गेला, तवा त्याची पन घरभरनी झाली. मोबाइलवं कार्ड आलां. सगल्यांना आलां तसा यांना पन. यांनी नारल आनला, ह्योच पांडरा शर्ट घातला न् या सोफ्याव बसले. बोलले, जनू बोलवाया येल. मोठा भाव हाय, अक्षता घेऊन दारान याया नको?"

"मग?"

"नाय आला. वरना जेवनाचा वास येत व्हता. यांनी टीवी लावला. तवा अशीच कंची तरी मालिका चालू झाली. घरभर मानसां, हसतान, खेलतान. बगत बसले. न् नारल तितंच ठेवला, टीवीम्होरं."

मी त्या नारळाकडे पाहिलं. इतके दिवस मी त्याच्या वड्या खात होतो, त्यावर विनोद करत होतो, दुकानात शेठजींना सांगून हसवत होतो. आता एकदम वाईट वाटलं. चार मजले वर पोचला नाही म्हणून तो नारळ दर वेळी कुठल्या कुठल्या लोकांच्या घरी जात होता.

जाहिराती संपल्या. दादा येऊन कडेला बसले.

पडद्यावर भटजींचे मंत्र चालू होते आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. संगीता लगेच म्हणाली, "हा खरा मोठा भाऊ." या वेळी तिचं बरोबर होतं. फेटेवाला धाकटा निघाला. तो पूजेवरून उठला, दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "तुला इथे कुणी बोलावलं होतं?"

ढोल वाजले. आत्या, हिरवा शालू, मेलेली आई, सगळ्यांचे चेहरे एकेक करून जवळ आले.

"पैल्याच दिवशी?" दादा म्हणाले.

त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. किचकिचीच्या आधी उठायचं, हे ठरलेलं. पण इथे उठायच्या आधीच किचकिच आली होती. दादा अर्धे उठले, परत बसले, परत उठले. आणि मग एकदम टीव्हीवर ओरडले, "आरं, त्याला घरान तं घे! पावनी बसल्यान इतं, काय बोलतील?"

धाकट्याने ऐकलं नाही. मोठा भाऊ उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथेच भाग संपला.

"आता?" दादांनी मला विचारलं. "पुडं काय हुतं?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कधीच विचारला नव्हता. मी म्हणालो, "उद्या कळेल, दादा. दुसऱ्या भागात."

"उद्यापरेत तो तितंच उबा राहील?"

"म्हणजे... हो. तसंच असतं."

दादा टीव्हीकडे बघत राहिले. पुढची मालिका सुरूही झाली होती, तिच्यात दुसरीच बाई रडत होती. मग ते टेबलापाशी गेले, नारळ उचलला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "शेठ, चल."

"कुठे?"

"चल म्हंतोय ना."

काकूंनी पदर सारखा केला. लिफ्टमध्ये दादांनी बटण दाबलं नाही, माझ्याकडे बघत राहिले. मी पाचवा मजला दाबला. वर जाईपर्यंत ते आकडेच वाचत होते, सवयीप्रमाणे.

दार जनूनेच उघडलं. लुंगी, बनियन, हातात रिमोट. आत तीच वाहिनी लागलेली, तीच बाई रडत होती. जनूने दादांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोन गेला?" त्याने हळूच विचारलं.

"कोन नाय गेला."

"मंग?"

"पैल्यांदाच आलू तुज्या घरी," दादा म्हणाले आणि नारळ पुढे केला. "रिकाम्या हातानं कसा येनार?"

जनूने नारळ घेतला नाही. मला वाटलं, झालं, आता ढोल वाजणार. दादांचा हात तसाच पुढे होता.

"नारल कशाला?" जनू म्हणाला. "तू काय पावना हायस?"

"तू बोलवाया नाय आलास."

"तुना बोलवू? घरच्या मानसाला अक्षता देतान का? दादा, तू उबा राहून सगलां करशील म्हनून मी तुजी वाट बगत बसलू. भटाला दोनदा थांबवला. सगली इचारीत, आता कोन यायचा हाय? मी काय सांगू?"

दादा माझ्याकडे वळले. मघाशी आत्या कोण आणि आई कोण हे संगीताला विचारताना त्यांचा चेहरा जसा होता, अगदी तसाच आताही होता. इतकी वर्षं एक जण खाली बसून बोलावण्याची वाट बघत होता आणि दुसरा वर बसून न बोलावताच येणाऱ्याची.

मग दादांनी नारळ माझ्या हातात कोंबला.

"धर, शेठ. तू पैल्यांदा आलास ना जनूच्या घरी?"

आणि चपला दारातच भिरकावून ते आत गेले.

मी कसाबसा आत गेलो, नारळ टीव्हीच्या टेबलावर ठेवला आणि सोफ्याच्या कडेला बसलो. पाठ टेकायचं धाडस झालं नाही. दादा मात्र समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जनूच्या बायकोला ओरडून सांगत होते, "आगं, चा टाक! न् साकर बगून घाल, जास्त झाली तं जनू वरडंल मना."